'दहशत' पाहायला बसताना : वऱ्हाडी मंडळींसाठी काय करावे, काय टाळावे

१९८१ साली तुलसी आणि श्याम रॅमसे या भावांनी 'दहशत' काढला. गावाच्या कबरस्तानातून प्रेतं नाहीशी होतात. गावातलाच एक मानमरातबाचा डॉक्टर आपल्या घरच्या प्रयोगशाळेत माणूस आणि जनावर यांची भेसळ करू पाहतो आणि शेवटी स्वतःच जनावर होतो. डॉक्टर झाले आहेत ओम शिवपुरी. नवीन निश्चल, सारिका, नादिरा सोबतीला आहेत आणि संगीत बप्पी लाहिरींचं आहे. पैसा बेताचा, धूर भरपूर. हिंदीत भुताटकीचे सिनेमे ढिगानं निघाले, पिसाट शास्त्रज्ञाचे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत मला हा सगळ्यात जिवाभावाचा वाटतो. तो पाहताना अंगावर काटा येतो आणि पुढच्याच क्षणी पोट धरून हसू येतं. दोन्ही खरं आहे, दोन्ही हवं आहे. अमरावती-अकोल्याकडच्या मंडळींनी तो एकदा तरी एकत्र बसून पाहावा, म्हणून ही यादी.

करा : गर्दी जमवा.
किमान दहा माणसं हवीत. त्यांत दोन घाबरट, दोन बडबडे आणि एक तरी आजी असावी. रॅमसेंचं खरं बळ मुंबईच्या वातानुकूलित थिएटरांत कधीच नव्हतं, ते लहान गावांच्या टॉकीजमध्ये होतं. सिनेमाच्या धंद्यात आपला मुलूख आजही 'सीपी-बेरार' म्हणून ओळखला जातो, इंग्रजी अमदानीतला तो प्रांत गेला तरी वितरकांच्या वह्यांतून गेला नाही. या सर्किटचा कारभार चालायचा भुसावळहून आणि अमरावतीहून. अमरावतीत चित्रा, प्रभात, सरोज ही नावं टॉकीजपुरती राहिली नाहीत, चौकांची झाली. खेड्यापाड्यांत टॉकीज नसे तिथे तंबू जाई. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची जत्रा डिसेंबरच्या विशीत सुरू होऊन जानेवारी सरेपर्यंत चालते. हंडीतलं मटण नि रोडगे खाऊन लोक थेट तंबूतल्या सिनेमाला जाऊन बसत. खाली सतरंजी नाहीतर नुसती माती, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि पडद्यावर कवटी आली की दोन्ही बाजूंनी एकच किंकाळी. ती किंकाळी हा या चित्रपटाचा निम्मा ध्वनिपट आहे. ती नसेल तर निम्माच सिनेमा पाहिल्यासारखं होतं.

टाळा : मोबाइल, कानात वायर, अंगावर गोधडी.
असा पाहिला तर भीतीही वाटत नाही आणि हसूही येत नाही.

करा : पडद्याशी बोला, आणि वऱ्हाडीत बोला.
नायिका रात्री बारा वाजता एकटीच तळघराकडे निघाली की कुणीतरी म्हटलंच पाहिजे, "काऊन जाऊन राहिली वो बाई तिकडं? सकाळी जा ना!" डॉक्टर सुई भरायला लागला की, "अबे, कोणाले टोचतं तो आता?" दाराची कडी आपोआप हलली की, "उघडू नको ना बे! सांगून राहिलो ना!" आणि उघडलंच, तर मागून एखादे काका शांतपणे म्हणतील, "मेला पाय पोट्टा." या प्रतिसादात वऱ्हाडी माणसाचा पूर्ण स्वभाव आहे. समोरच्याचं भलं व्हावं ही कळकळ आहे, ऐकत नाही म्हणून वैताग आहे, आणि झालेलं मान्य करण्याची तयारीही आहे. रॅमसेंच्या सिनेमातल्या लांबलचक शांत जागा जणू या वाक्यांसाठीच मोकळ्या ठेवल्या आहेत. दार करकरतं, कॅमेरा सावकाश पुढे सरकतो, काहीच घडत नाही, आणि मग प्रेक्षकांची पाळी येते.

एकच पथ्य पाळा. राक्षस पहिल्यांदा पूर्ण दिसतो त्या क्षणी सगळ्यांनी गप्प राहायचं. मेकअप करणाऱ्याचा तो क्षण आहे.

टाळा : एप्रिल-मे.
अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि गच्चीची स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडत राहते. त्या उकाड्यात पडद्यावरचं धुकं पाहून भीती वाटत नाही, हेवा वाटतो. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचा काळ घ्या. अंगावर शाल, हातात चहा आणि बाहेर खरोखरची थंडी.

करा : रात्री आठला सुरू करा.
रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. आठला सुरू केलं तर दहाला ध्वनिक्षेपक बंद करून सव्वादहापर्यंत कमी आवाजात शेवट गाठता येतो, आणि शेवटी कमी आवाजात माणसं जास्त घाबरतात. मंडळातर्फे चौकात दाखवायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी आधी मिळवा. घरच्या गच्चीवर घरचीच माणसं असतील तर एवढं करायची गरज नाही.

टाळा : शोधाशोधीच्या प्रसंगात कच्चा चिवडा.
दाण्यांचा नि मुरमुऱ्यांचा कुरकुर आवाज पावलांच्या आवाजावर मात करतो. चिवडा गाण्यांच्या वेळी. गिला वडा मध्यंतरात, कारण त्याला दोन्ही हात आणि पूर्ण लक्ष लागतं. शेगावची कचोरी केव्हाही चालते.

करा : प्रयोगशाळा नीट पाहा.
अशा चित्रपटांत सगळ्यात देखणी जागा हीच असते. निळं, हिरवं, लाल पाणी भरलेले चंबू, त्यांना जोडणाऱ्या वेटोळ्या नळ्या, बुडबुडे आणि टेबलावरून घरंगळणारा पांढरा धूर. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही शेजारी बसवा आणि विचारा, 'यात नेमकं काय चाललंय?' उत्तर येईल, काहीच नाही. तरीही डोळे तिथून हलत नाहीत.

या देखाव्याला मोठी वंशावळ आहे. १८०३ साली लंडनमध्ये जोव्हानी आल्दिनी या इटालियन शास्त्रज्ञानं फाशी गेलेल्या एका कैद्याच्या देहाला विजेच्या घटमालेच्या तारा जोडल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, पाहणारे हादरले. आल्दिनी हा बेडकाच्या पायावर वीज सोडणाऱ्या गॅल्वानीचा भाचा. या सगळ्याची चर्चा युरोपात घुमत असतानाच्या काळात मेरी शेली लहानाची मोठी झाली आणि १८१८ साली तिची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी आली. कादंबरीत यंत्रांचं वर्णन जवळपास नाहीच. ठिणग्या उडवणारी ती सगळी यंत्रं आली १९३१च्या हॉलिवूडपटात, आणि ती बनवली केनेथ स्ट्रिकफॅडन नावाच्या वीजतंत्रज्ञानं. त्यानं ती मोडली नाहीत, भंगारात घातली नाहीत, घरी जपून ठेवली. चाळीस वर्षांनी मेल ब्रूक्सला 'यंग फ्रँकेन्स्टाइन' (१९७४) हा विनोदपट करायचा होता तेव्हा त्यानं तीच यंत्रं मागून आणली. भयपटाची यंत्रं विनोदपटात जशीच्या तशी शोभली. 'दहशत' पाहताना भीती आणि हसू एकाच बाकावर का बसतात, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

टाळा : 'स्वस्तातला आहे' म्हणून नाक मुरडणं.
या बाबतीत मी हट्टी आहे. रॅमसे सात भाऊ. कुमार लिहायचा, गंगू कॅमेरा सांभाळायचा, किरण आवाज, अर्जुन संकलन, केशू कॅमेरा आणि निर्मितीत हातभार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. एवढी कामं घरातच वाटून घेतली की पैसा आपोआप वाचतो. वडील एफ. यू. रॅमसे यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' (१९७०) पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात, त्या एकाच प्रसंगाला प्रेक्षक ओरडतात, हे मुलांनी थिएटरात बसून पाहिलं. पडलेल्या सिनेमातला चाललेला तुकडा त्यांनी उचलला आणि त्यावर घराण्याचा धंदा उभा केला. १९७२चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला मोजक्या माणसांत चित्रित केला. सेट लावायचे नाहीत, खऱ्या जुन्या वास्तू शोधायच्या. मोठे तारे घ्यायचे नाहीत, तो पैसा चेहरा बिघडवण्याच्या मेकअपवर लावायचा. आपल्याकडे एखादी बाई हजार रुपयांत सणाचा स्वयंपाक उभा करते तेव्हा आपण तिला सुगरण म्हणतो. या भावांनाही तोच मान द्या.

त्यांच्या 'पुराना मंदिर' (१९८४) मधला राक्षस सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. उंची आणि चेहऱ्याची ठेवण अशी की मेकअपचं निम्मं काम निसर्गानंच केलेलं. इंजिनिअरिंग करून राक्षस व्हायचं धाडस आज किती पोरं दाखवतील?

सातासमुद्रापारही हेच. अमेरिकेत एड वूडनं १९५५ साली 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर' काढला, त्यात बेला लुगोसी पिसाट शास्त्रज्ञ. शेवटी त्याला महाकाय ऑक्टोपस खातो. ऑक्टोपस रबरी आणि नेमकी त्याची मोटर जागेवर नाही. मग काय, ज्याला खायचं त्यानंच ऑक्टोपसचे पाय हातानं धरून स्वतःभोवती गुंडाळायचे, हलवायचे आणि ओरडायचंही. हा प्रसंग पाहून हसा, मनमुराद हसा. पण थंड पाण्यात बसून स्वतःचा मृत्यू स्वतःच्या हातांनी हलवणारा तो नट काम सोडून उठला नाही, हेही बघा.

करा : धागा शोधा.
हवेत तरंगणारी मेणबत्ती, आपोआप सरकणारी खुर्ची, घिरट्या घालणारं वटवाघूळ. मुलांना सांगा, ज्याला आधी धागा दिसेल त्याला जास्तीची कचोरी. बाबूभाई मिस्त्रींनी १९३७च्या 'ख़्वाब की दुनिया' या अदृश्य माणसाच्या चित्रपटात काळ्या पडद्यासमोर काळ्या धाग्यानं वस्तू नाचवल्या, तेव्हापासून धंद्यात त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. त्यांच्याही आधी आपले दादासाहेब फाळके. ते जादूचे प्रयोग करत, आणि 'फाळके' उलटं करून घेतलेलं त्यांचं नाव होतं प्रोफेसर केळफा. भांडवलासाठी लोकांना पटवायचं म्हणून त्यांनी वाटाण्याचा अंकुर कुंडीत लावला आणि रोज थोडं थोडं चित्रीकरण करून मिनिटभरात तो वाढताना दाखवला. रात्रंदिवस कॅमेऱ्याशी झटून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. घरचे दागिने गहाण, घरातच प्रयोगशाळा, शेजारीपाजारी म्हणतात याला वेड लागलंय. वेड्या प्रयोगकर्त्याची कथा मराठी माणसाला परकी नाहीच, फक्त आपल्याकडे तिच्या शेवटी राक्षस न निघता १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' निघाला.

आणि 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू आठवा. रामदास पाध्यांच्या हातची ती बाहुली. तिच्यामागे हात आहे हे माहीत असूनही एक पिढी पलंगाखाली पाहून झोपत होती.

टाळा : 'शास्त्रज्ञ असेच असतात' हे मुलांच्या डोक्यात राहू देणं.
सिनेमातला डॉक्टर एकटा, दाराला कुलूप, रात्रीचा मुहूर्त, आणि एका सुईत माणसाचं जनावर. अकोल्यात १९६९पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथेही भेसळच करतात, पण कपाशीची. पीकेव्ही हायब्रिड-२ हे नाव वऱ्हाडातल्या जुन्या कापूस उत्पादकाला विचारून पाहा, त्याच्या डोळ्यांत ओळख दिसेल. संकर कसा होतो? दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दिवशी दुपारनंतर हेरायची. तिच्या पाकळ्या आणि परागकोश नखानं हळूच काढायचे, आतला स्त्रीकेसर दुखावता कामा नये. खुणेसाठी कागदाची नळी नाहीतर दोरा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्याचे पराग त्यावर फिरवायचे. हे एका फुलाचं झालं, अशी शेतभर फुलं. बियाणं तयार करताना हे काम बहुतेक बायाच करतात, कारण बोटं हलकी लागतात. आणि नवा वाण बाहेर यायच्या आधी वर्षानुवर्षं, निरनिराळ्या गावांतल्या मातीत, चाचण्यांवर चाचण्या. सगळ्याच्या नोंदी, आणि त्या तपासणारी दुसरी माणसं.

मध्यंतरात हे मुलांना सांगा. सिनेमातल्या डॉक्टरजवळ नोंदवही नाही, सहकारी नाही, 'हे बरोबर नाही' असं सांगणारं कुणी नाही. तो बिघडला तो सुईमुळे नाही, कुलपामुळे. मुलांना हे चटकन समजतं. मग उत्तरार्धात डॉक्टर पुन्हा एकटाच दार लावून घेतो तेव्हा तीच ओरडतात, "अबे, कोणाले तरी विचार ना!"

करा : यात मांत्रिक नाही, हे लक्षात आणून द्या.
रॅमसेंच्या पुढच्या बहुतेक सिनेमांत शाप, तांत्रिक आणि त्रिशूळ आले. 'दहशत'मध्ये संकट माणसाच्या हव्यासातून येतं. शेंडगावात जन्मलेल्या आणि आयुष्यभर खराट्यानं नि शब्दांनी भोळ्या समजुती झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या जिल्ह्यात हा भयपट म्हणूनच जास्त जवळचा वाटावा.

टाळा : पाच-सहा वर्षांची पोरं पुढच्या रांगेत.
अशा चित्रपटांना बहुतेक 'ए' प्रमाणपत्र असे, ते उगीच नव्हे. मोठी, कळती मुलं बसवा, आणि तीही आईबापांनी आधी पाहून ठरवल्यावर. रॅमसेंच्या सिनेमांत बायकांकडे पाहणारी कॅमेऱ्याची नजर अनेकदा वाईट आहे. तिथे हसू नका, समर्थनही करू नका. प्रेम असलेल्या गोष्टीतला दोष उघड सांगावा.

टाळा : गाणी पुढे ढकलणं.
कमी पैशातल्या भयपटांतली गाणी दम खायला असतात, आणि कधी कधी ती सिनेमापेक्षा जास्त जगतात. १९६३चा 'शिकारी' घ्या. के. एन. सिंग त्यात डॉ. सायक्लॉप्स नावाचे पिसाट शास्त्रज्ञ आहेत, प्रचंड गोरिला आहे, अजित नायक आहे. गोरिला आज कुणाला आठवत नाही. पण जी. एस. कोहलींच्या चालीवर लता आणि उषा मंगेशकर या बहिणींनी त्यात गायलेलं गाणं घराघरांत माहीत आहे, आणि ते कुठल्या सिनेमातलं हे सांगितलं की माणसं थक्क होतात. 'दहशत' आवडला तर पुढच्या शनिवारी हा लावा.

करा : मग स्वतःचा काढा.
सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे. वऱ्हाडात राक्षसाला तोटा नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून धिप्पाड माणसं घडवतंय. एड वूडनं स्वीडिश मल्ल टॉर जॉन्सनला घेतलं, बाबूभाईंनी 'किंग काँग' (१९६२) मध्ये दारासिंगला. तुम्ही आखाड्यात जाऊन नम्रपणे विचारा.

प्रयोगशाळेसाठी बंद पडलेली कापसाची जिन शोधा. उंच पत्र्याचं छत, लोखंडी यंत्रांच्या रांगा, पट्ट्यांची चाकं, आणि तिरप्या उन्हात तरंगणारी कापसाची बारीक फूस. लंडनहून धुकं मागवायची गरजच नाही. मालकाची परवानगी घ्या, आणि जिथे रुई शिल्लक असेल तिथे मशाल, फटाका, मेणबत्ती काहीही पेटवू नका, कारण कापूस भडकला तर कुणाच्याच हाती लागत नाही.

टाळा : बंद खोलीत कोरडा बर्फ.
त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जमिनीलगत साचतो आणि गुदमरायला होतं. उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा तुकडा उघड्या हातानं धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. खिडक्या उघड्या ठेवा, जाड हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा. नाहीतर पडद्याआड शिट्टी न लावता कुकर तापवून वाफ सोडा, कॅमेऱ्याला फरक कळत नाही.

टाळा : राक्षसाला पुस्तकी हिंदी किंवा पुण्याची मराठी देणं.
परतवाड्याचा, मूर्तिजापूरचा, बाळापूरचा माणूस मेल्यावर भाषा बदलत नाही. टेबलावरची चादर हलू द्या, ठिणग्या उडू द्या, धुरातून एक भला थोरला हात वर येऊ द्या. डॉक्टर दोन पावलं मागे सरकेल, राक्षस उठून बसेल, मान वळवून त्याच्याकडे पाहील आणि आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलेल, "काऊन उठवलं बे मले?"